शेरा नको, दिसलं ते सांगा

बालवाडी ते दुसरी या वयातल्या मुलांबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. काही पालकांची आहेत, एक शिक्षिकेचं आहे. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय: घरचं शाळेत पोचत नाही आणि शाळेतलं घरी येतं ते एखाद्या शेऱ्याच्या रूपात.

प्रश्न : मुलगी ज्युनिअर केजीत आहे. पालकसभेत रांगेत उभं राहून जेमतेम पाच मिनिटं मिळतात. बाई दर वेळी म्हणतात, ‘छान आहे, पण जरा चंचल आहे.’ घरी येऊन त्यावर करायचं काय? (एक आई, नाशिक)

उत्तर : ‘कशी आहे?’ असं विचारलं की ‘चंचल आहे’ हेच उत्तर येणार. प्रश्न बदला. नेमकी कधी उठते? सकाळी आल्या आल्या, डब्याच्या आधी, गोष्टीच्या वेळी की वही काढल्यावर? किती वेळ बसते? उठून कुठे जाते? उत्तर डब्याच्या आधी असेल, तर ती नुसतं दूध पिऊन घराबाहेर पडते का ते बघा. गोष्टीच्या वेळी असेल, तर मागच्या रांगेतून तिला पुस्तकातलं चित्र दिसत नसेल. वही काढल्यावर असेल, तर हात दमतोय. शब्द एकच, ‘चंचल’, पण प्रत्येक वेळी इलाज निराळा.

आदल्या रात्री कागदाच्या चिठोऱ्यावर तीन ओळी लिहा. घरी ती जास्तीत जास्त वेळ कशात रमते आणि किती मिनिटं. काय टाळते. गेल्या महिन्याभरात घरात काय बदललं: आजी गावी गेली, बाळ झालं, झोपायची वेळ पुढे गेली, जे असेल ते. ही चिठ्ठी बाईंच्या हातात द्या. त्यांच्यासमोर तीस मुलांचे पालक येऊन जाणार आहेत, तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत राहत नाही.

पाच मिनिटांतलं शेवटचं मिनिट राखून ठेवा आणि त्यात एकच गोष्ट ठरवा. बाई तिला गोष्टीच्या वेळी पुढे बसवतील, तुम्ही निघण्याआधी पोळी किंवा उपमा खायला घालाल, आणि तीन आठवड्यांनी डायरीत दोघींनी दोन-दोन ओळी लिहायच्या. चार गोष्टी ठरवल्या की एकही होत नाही, आणि झालीच तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मोठा विषय असेल तर शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटं वेगळी मागून घ्या. सकाळी फाटकावर मात्र बाईंना गाठू नका, त्या वेळी त्यांचे डोळे मुलांवर असायला हवेत. आणि मुलगी पदर धरून शेजारी उभी असताना तिच्या चंचलपणाची चर्चा नको. ती सगळं ऐकत असते.

जाता जाता: २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम २४ प्रमाणे पालकांना नियमित भेटून हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्य आहे. कायदा ६ ते १४ वयासाठी आहे, म्हणजे पहिलीपासून तुम्ही हे हक्कानं मागू शकता. बालवाडीत गोडीगुलाबीनं मागा.

प्रश्न : मुलगा दुसरीत, मराठी शाळेत. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की ३६ लिहितो. शाळेत बाई ‘साठ तीन’ म्हणायला शिकवतात, घरी आजोबा म्हणतात हे कसलं थेर, त्रेसष्ट म्हण. पोरगं मधल्या मध्ये रडकुंडीला येतं. कोणाचं ऐकायचं? (वडील, अहमदपूर)

उत्तर : दोघांचंही, पण ठरलेल्या क्रमानं.

आधी तुमचा मुलगा काय करतोय ते बघा. ‘त्रेसष्ट’मध्ये कानावर आधी ‘त्रे’ पडतं, म्हणजे तीन, मग ‘सष्ट’. तो ऐकलं त्या क्रमानं लिहितो: आधी ३, मग ६. त्याची चूक प्रामाणिक आहे. आपण बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी. इंग्रजीत एकवीसपासून पुढे बोलायचा आणि लिहायचा क्रम सारखाच, त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या शेजारच्या मुलाला ही अडचण येत नाही. त्यावरून आपला ‘ढ’ आहे असं ठरवू नका.

याच कारणानं २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ ही पद्धत नेहमीच्या नावांच्या जोडीनं आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. केवढा गहजब झाला ते आठवत असेल. मराठी बुडाली इथपर्यंत मजल गेली. वादात एक साधी गोष्ट बाजूला पडली: ‘साठ तीन’ हा जिना आहे, राहायचं ‘त्रेसष्ट’मध्येच आहे. दुकानात आणि बसच्या तिकिटाला त्रेसष्टच लागतं. आजोबांची काळजी त्या अर्थी रास्तच आहे.

घरी असं करा. आइस्क्रीमच्या किंवा खराट्याच्या शंभर काड्या घ्या. दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधा, पण ते मुलानं स्वतः मोजून बांधायला हवेत. तयार गठ्ठा दिला की ‘दहा’ ही त्याच्यासाठी एक वस्तू होते, आत दहा काड्या आहेत हे विसरतो. मग सहा गठ्ठे डावीकडे, तीन सुट्ट्या उजवीकडे. गठ्ठ्यांवर हात ठेवून ‘साठ’, सुट्ट्यांवर ठेवून ‘तीन’, सगळ्यांभोवती हात फिरवून ‘त्रेसष्ट’. आता लिहायचं, डावीकडून, जसे ठेवले तसे. ६, मग ३. काड्यांचा कंटाळा आला की दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी.

क्रमही महत्त्वाचा. आधी दहा, वीस, तीस ते नव्वद उलटसुलट पक्कं व्हायला हवं. मग विशीतले, तिशीतले आणि चाळिशीतले आकडे घ्या, कारण बावीस, बत्तीस, बेचाळीस यांत शेवटचं ‘वीस, तीस, चाळीस’ स्वच्छ ऐकू येतं. पन्नाशीत ‘पन्न’ आणि ‘वन्न’ होतं, साठीत ‘सष्ट’, सत्तरीत ‘हत्तर’. ‘शहात्तर’मध्ये सहा कुठे आणि सत्तर कुठे, हे मोठ्यांनाही थांबून शोधावं लागतं. ते शेवटी. आठवड्याला पाच-सहा आकडे पुरेत.

एकोणतीस, एकोणचाळीस हे वेगळंच दुखणं. ‘तीस’ ऐकू येतं म्हणून मूल ३९ लिहितं, किंवा ‘एक’ ऐकून ३१. तिथे काड्यांचे तीन गठ्ठे मांडून एक काडी काढून घ्यायची: एक उणे तीस. आजोबांना हे काम द्या, ते खुलून करतील. शेवटी नव्व्याण्णव का, एकोणशंभर का नाही, हा प्रश्न मुलानं विचारला तर समजा गाडी रुळावर आहे.

बाईंना ‘गणितात कच्चा आहे’ असं कळवू नका. आठवडाभर चुका नोंदवा: ‘त्रेसष्ट सांगितलं, ३६ लिहिलं. एकोणपन्नास सांगितलं, ५९ लिहिलं. पासष्ट सांगितलं, ६५ लिहिलं, बरोबर.’ अशा दहा ओळी वाचल्या की उलटापालट जास्त आहे की ‘एकोण’ अडतंय, हे बाईंना दोन मिनिटांत कळेल. त्यांच्याकडून एवढंच विचारून घ्या की वर्गात सध्या कितीपर्यंतचे आकडे चालू आहेत. घरी त्यापुढे पळू नका.

प्रश्न : वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला ‘उद्या हिरवा टी-शर्ट’ असा निरोप येतो. शिवाय आया मुलांच्या वह्यांचे फोटो टाकतात. (पनवेल)

उत्तर : ग्रुप सूचनांपुरता ठेवा आणि लिहिण्याची मुभा फक्त शिक्षकांना, ही सोय ॲडमिनच्या सेटिंगमध्ये आहे. वस्तू हवी असेल तर किमान दोन दिवस आधी निरोप, संध्याकाळी सातनंतर नाही. एका मुलाबद्दलचं काहीही ग्रुपवर नाही, ना कौतुक ना तक्रार. वहीच्या फोटोंनी तुलना सुरू होते आणि मग घरोघरी आयाच चित्रं रंगवू लागतात. हे नियम बाईंनी एकटीनं घातले तर त्या वाईट ठरतात, म्हणून पहिल्या पालकसभेत सगळ्यांनी मिळून ठरवावेत.

प्रश्न : नातू सव्वाचार वर्षांचा. शाळेतून रोज एक पान लिहायला येतं. पेन्सिल धरली की रडतो, शेवटी सूनबाई हात धरून पान पुरं करते. शाळेशी वाकडं नको म्हणते. (आजोबा, सांगली)

उत्तर : सूनबाईंना सांगा, हात धरून पुरं केलेलं पान म्हणजे बाईंना दिलेली खोटी बातमी आहे. त्यांना वाटतं जमतंय, म्हणून उद्या दीड पान येतं.

या वयात मनगटातली लहान हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात आणि हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे सरकत जातो. म्हणून आधी मोठ्या हालचाली: ओल्या ब्रशनं अंगणातल्या भिंतीवर उभ्या-आडव्या रेघा, बादलीतलं पाणी मगानं दुसरीकडे भरणं. मग मनगट: कणीक मळणं, लहान फडकं पिळणं. मग बोटं: मटार सोलणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, बटणं. लिहायला पेन्सिलीऐवजी खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप येतात. पाटीही उत्तम, कारण पाटीवरची पेन्सिल किंचित अडखळते आणि हाताला रेघ जाणवते. कागदावर ती घसरते, म्हणून मूल दाब वाढवतं. बसताना पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

आता शाळेचं. वहीचं पान उलटं करून बघा. अक्षरं मागे उमटली असतील, तर तोच पुरावा. ते पान घेऊन बाईंकडे जा आणि म्हणा, ‘पहिली ओळ नीट येते, तिसरीपासून हात दुखतो. एका ओळीत तीनच, मोठी, अशी चालतील का?’ ‘एवढं लिहायला का देता?’ असं म्हटलं की बाई बचावाला उभ्या राहतात, आणि अनेकदा पान त्यांनी ठरवलेलं नसतं, वरून आलेलं असतं. तोवर रोज दहा मिनिटं झाली की थांबायचं आणि समासात लिहायचं: ‘इथपर्यंत स्वतः, मग हात दुखला.’ मुख्याध्यापकांशी बोलायची वेळ आली तर केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नको असं म्हटलं आहे, हे शांतपणे पुढे ठेवा.

उलटी अक्षरं, ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसते. सहा पूर्ण झाल्यावरही पेन्सिल मुठीतच असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (हातांच्या रोजच्या हालचालींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवा.

प्रश्न : इंग्रजी माध्यमाच्या टीचर म्हणतात, घरी इंग्रजीत बोला. आमचं इंग्रजी यथातथाच. (पुणे)

उत्तर : मग बोलू नका. मोडक्या इंग्रजीत घरातलं बोलणं ‘कम हिअर, ईट फास्ट’ एवढ्यावर येतं. मराठीत तुम्ही ‘पोळी फुगली का? का नाही फुगली?’ असं विचारता, आणि कारण सांगायची सवय त्यातून लागते. ती सवय एकदा लागली की दुसऱ्या भाषेत नेता येते. टीचरना म्हणा, पुढच्या आठवड्याचा विषय आणि पाच-सहा शब्द आधी कळवा. ‘पाऊस’ विषय असेल तर आम्ही त्यावर घरी मराठीत भरपूर बोलून ठेवतो, शाळेत तुम्ही इंग्रजी शब्द द्या. कल्पना ओळखीची असली की नवा शब्द पटकन चिकटतो.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पालकसभेला चार माणसं येतात. बऱ्याच आयांना वाचता येत नाही. दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो, तो येतो मार्च-एप्रिलमध्ये, आणि मग मागचे पाढे पंचावन्न. (शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : सभा सकाळी अकराला असेल तर तिची किंमत एक दिवसाची मजुरी आहे. ती संध्याकाळी सातनंतर वस्तीवर, पारावर घ्या, वीस मिनिटं. भाषण नको. मुलांनी पाटीवर आपलं नाव लिहून दाखवायचं, दोन ओळी वाचायच्या. आपलं पोर करून दाखवणार म्हटल्यावर बाप कामावरून थेट येतो. वेळ बदलायला वरची परवानगी हवी असं वाटत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या. तिथे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदाच सांगतो.

वाचता न येणाऱ्या आईला ‘अभ्यास घ्या’ म्हणू नका, ती ओशाळते आणि पुढच्या वेळी येत नाही. तिला असं काम सांगा: रात्री दहा मिनिटं शेजारी बसवून ‘वाचून दाखव’ म्हणायचं, त्याचं बोट ओळीवरून सरकतंय का ते बघायचं, आणि पान संपलं की विचारायचं, ‘मग काय झालं?’ बोट थांबून तोंड चालू असेल तर तो पाठ म्हणतोय. हे ओळखायला अक्षर यावं लागत नाही.

स्थलांतराची तयारी ऑक्टोबरातच करा. कुठल्या कारखान्यावर जाणार, मुकादमाचा नंबर, आईकडे फोन आहे की फक्त बापाकडे. मागे राहणारी मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असतील, तर तुमची पालक आता आजी, किंवा तिथे सांभाळणारी व्यक्ती. सभेला तिला बोलवा. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत दाखवायचं, मुलाची इयत्ता आणि प्रगती सांगणारं) द्या आणि ‘पहिली पास’ एवढ्यावर न थांबता लिहा: ‘काना आणि पहिली वेलांटी वाचतो, उकार अडतो, वीसपर्यंत मोजतो.’ तिकडच्या शिक्षकाला कामाचं असतं ते हेच. पालकांना हेही ठणकावून सांगा, की दाखला नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही.

सोबत एक पिशवी: पाटी, दहा शब्दकार्डं, तीन पातळ गोष्टीची पुस्तकं, शंभर चिंचोके. फडात मोळ्या मोजल्याच जातात. दहा मोळ्या झाल्या की एक चिंचोका बाजूला, हे मुलाचं काम. दशक याहून बरं कोण शिकवणार! आठवड्यातून एकदा तुमच्या आवाजातला एक मिनिटाच्या आतला निरोप, मुलाचं नाव घेऊन, एकच काम सांगणारा. मोठा निरोप कोणी पुरा ऐकत नाही, आणि रेंज मिळते तेवढ्यात उतरतही नाही.

परत आल्यावर वर्ग ज्या पानावर आहे तिथे त्याला बसवू नका. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं कार्डावरच्या नोंदीशी ताडून बघा, तिथून पुढे चला.

प्रश्न : सिनिअर केजीच्या बाई म्हणतात, ‘मुलगा मुद्दाम ऐकत नाही.’ घरी कधी एका हाकेत येतो, कधी ढिम्म. सर्दी मात्र कायम. (एक आई, मडगाव)

उत्तर : ‘कधी ऐकतो, कधी नाही’ आणि सर्दी, हे दोन्ही एकत्र आलं की आधी कान. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं, पाणी उतरलं की पुन्हा नीट. म्हणून तो आगाऊ वाटतो. कान दुखतोच असं नाही, त्यामुळे मूल तक्रारही करत नाही. टीव्हीचा आवाज वाढवतो का, ‘काय?’ फार म्हणतो का, तुमच्या तोंडाकडे बघत ऐकतो का, बघा. बाईंना विनंती करा: वर्ग शांत असताना, तो पाठमोरा असताना, चार पावलांवरून हलक्या आवाजात नाव घ्या. आठवड्यात तीनदा, आणि सर्दी होती का तेही लिहून ठेवा. ही नोंद घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतं, पण तोवर थांबू नका.

तपासणीनंतर ‘डॉक्टरांनी औषध दिलंय’ एवढंच बाईंना सांगू नका. कुठला कान, किती आठवडे, हे कळवा. डाव्या कानानं कमी ऐकू येत असेल तर फळ्याकडे तोंड करून बसल्यावर त्याची जागा वर्गाच्या डाव्या कडेला, पुढच्या ओळीत हवी, म्हणजे उजवा कान बाईंकडे आणि मुलांकडे राहतो. आणि खिडकी रस्त्याकडे उघडत असेल तर तिच्यापासून लांब.